बिनधुराच्या चुलीचे आकडे

हरिदासनं नालवाडीच्या आत्याच्या स्वयंपाकघराचीच प्रयोगशाळा केली. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रयोग हवा होता आणि आत्या हक्काची होती. धुरपताआत्यानं त्याला सहावीपासून वाढवलेलं. एवढा प्रयोग पास झाला की पोरगा इंजिनिअर होणार, इतकं तिला पक्कं कळत होतं. जुन्या चुलीवर एक दिवस, त्यानं बांधलेल्या बिनधुराच्या चुलीवर एक दिवस, तेवढाच भात न् तेवढंच वरण शिजवायचं. हरिदास सकाळी पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांची, मोळी तोलून कॉलेजात जाई आणि परतल्यावर उरलेल्या तोलून किती जळाल्या ते लिही.

एका दिवसाचा आकडा म्हणजे आकडा नव्हे. आकडे मागेपुढे होणारच, आणि ते किती होतात तेच मोजायचं असतं, हे संख्याशास्त्राच्या तासाला तो नुकतंच शिकला होता. शिकला कसला, पाठ केलं होतं. नव्या चुलीनं जरा जास्त पऱ्हाट्या खाल्ल्या की स्वारीचं तोंड एवढंसं होई. एकदा तर तो जेवताजेवता उठून गेला. त्यानंतर मात्र आकडे शहाण्यासारखे येऊ लागले.

कॉलेजात प्रयोग तपासणाऱ्या काळमेघ सरांनी कागदावरून नजर फिरवली आणि चष्मा काढला.

"नव्या चुलीचे सगळे आकडे जुळ्या भावांसारखे आहेत. वारा बदलतो, पऱ्हाटी कधी दमट असते. यांच्यात फरकच नाही? घरी बसून लिहिलेस ना?"

"नाही सर. मी स्वतः तोललं."

"मग पुन्हा कर. खरे आकडे आणल्याशिवाय मी सही करणार नाही. वर्ष गेलं तरी चालेल."

घरी येऊन त्यानं आत्याला विचारलं, तर ती लाजलीच.

"किती उरल्या का तू हासतं, ते मले समजलं होतं. तेवढ्या उरल्या का मी चूल विझवत होती. कधी जास्त उरल्या त चार उगाच जाळत होती."

"अन् भात?"

"खालचा शिजलेला तुले वाढत होती. वरचा कच्चा मी खात होती. त्याले काय होते?"

हरिदासला रागावताही येईना. सरांना सांगावं तर आत्याचं हसं होणार, न सांगावं तर आपण खोटे ठरणार. त्याला रडू आलं. मग त्यानं तिला सगळं समजावलं: आकडा वाकडा आला तरी चालतो, तोच खरा. तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून तो स्वयंपाकघरातच बसला. चूल पेटली. आत्या पऱ्हाटी सारी आणि त्याच्या तोंडाकडे पाही. शेवटी तो भिंतीकडे तोंड करून बसला. पाठीमागे पऱ्हाट्या सारणं थांबलं.

"हरिदास, किती जाळू?"

"लागतील तितक्या, आत्या."

"ते समजलं रे बाप्पा. पण तुह्या सरले किती पायजे, ते त सांग."