दंडुका, रोशी आणि एक गुलाबी चिठ्ठी

मी दंडुका बोलतोय. अमेरिकेत, व्हरमाँटच्या डोंगरातल्या झेन ध्यानमंदिरात एकवीस वर्षं मी हजारो लोकांना जागं केलं! बरं, हजारो नाही, साठ-सत्तर. त्यातले निम्मे जागेच असायचे; बसून बसून खांदे आखडले की हात जोडून दोन फटके मागून घ्यायचे. उरलेले निम्मे फटका खाऊन पुन्हा झोपायचे.

मला घडवलं आमच्यातल्याच एमेट क्रॉली नावाच्या सुतारानं. एका बाईच्या स्वयंपाकघरातलं कपाट करून मेपलची फळी उरली होती, तीच मी. माझा सख्खा भाऊ तिथं अजून बशा सांभाळतो. मी मोक्षाच्या मार्गाला लागलो.

माझ्या चपट्या अंगावर रोशींनी शाईनं एक जपानी अक्षर काढलं. त्याचा अर्थ ‘जागृती’, असं ते म्हणाले. पुढं एक जपानी पाहुणे आले. त्यांनी मान तिरकी करून ते अक्षर बराच वेळ पाहिलं आणि चहा फार छान झालाय म्हणाले.

रोशी म्हणजे वयोवृद्ध गुरू. आमचे लोवेल प्रुइट रोशी झाले तेव्हा अडतीस वर्षांचे होते, आणि त्याआधी पियानो विकायचे. माणूस मोठा गोड. ओटमीलचं पातेलं नीट घासा म्हणाले तरी ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याला काहीतरी उमगलं.

शिबिर सात दिवसांचं. बोलायचं नाही, वाचायचं नाही, कुणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. नजर खाली. त्यामुळं आमची माणसं एकमेकांना मोज्यांवरून ओळखत. हिरवे लोकरीचे मोजे म्हणजे मॅरियन. ही गावच्या पोस्टात पत्रं वाटायची आणि बारा वर्षं एकही शिबिर चुकवलं नव्हतं. बाहेरून फोन आलाच तर स्वयंपाकघरात गुलाबी चिठ्ठीवर निरोप लिहून रोशींकडं द्यायचा. कुणाला कधी सांगायचं ते रोशी ठरवणार. नियमच तसा होता, आणि सगळ्यांनी त्यावर आनंदानं सही केली होती.

सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या शिबिरात, बुधवारी सकाळी अशी एक चिठ्ठी आली. त्या दिवशी मला घेऊन बसलेल्यांच्या मागून फेऱ्या मारायची पाळी एमेटची होती. त्यानं चिठ्ठी वाचली आणि मला खांद्यावर टाकून रोशींच्या खोलीत गेला. रोशींनी वाचली, घडी घातली, बाहीत सारली आणि ओठांवर बोट ठेवलं. एमेट वाकला. मीही वाकलो, त्याच्या हातात होतो, करतो काय?

रविवारी शिबिर संपलं, पॅनकेक झाले. मग रोशी मॅरियनला म्हणाले, “आत्ताच फोन आला. तुझी आई शुक्रवारी गेली.”

मॅरियन आईच्या गावी, अल्बनीला जाऊन आली. नंतर ती पूर्वीपेक्षा ताठ बसू लागली. एमेट दर हिवाळ्याआधी तिच्या घराच्या खिडक्या फुकट दुरुस्त करून द्यायचा. तिला वाटायचं, किती भला माणूस! भला होताच. खिडक्या उत्तम बसवायचा.

या एप्रिलमध्ये रोशींच्या व्याख्यानांचं पुस्तक करायचं ठरलं. टंकायचं काम मॅरियनकडं. कागदांत खूण म्हणून घातलेली एक गुलाबी चिठ्ठी निघाली. कुठल्या व्याख्यानात, ते सांगत नाही. सांगितलं तर म्हणाल दंडुका रचून सांगतोय. चिठ्ठीवर होतं: “मॅरियनसाठी. बुधवार, दहा वाजून दहा. अल्बनीचं हॉस्पिटल. आई विचारते, कधी येतेस.” खाली ‘तातडीचं’ या चौकटीत खूण केलेली.

मग बैठक बसली. सगळे गोल करून. ग्लोरिया म्हणून एक मानसोपचारवाली बाई आहे, ती म्हणाली, “ज्याच्या हातात वस्तू, त्यानंच बोलायचं.” कुठली वस्तू, यावर चाळीस मिनिटं गेली. पीस नको, दगड नको. शेवटी मी.

म्हणजे जन्मभर लोकांना गप्प बसवलं, त्याच्याच हाती आता बोलणं! दोन तास मी हातोहात फिरलो. एकाला बापाचा राग आठवला. एकीला छातीत काहीतरी मोकळं झालं. ग्लोरिया प्रत्येकाला “धन्यवाद” म्हणाली. चिठ्ठी हा शब्द कुणी काढला नाही.

मी एमेटकडं आलो. ज्या हातांनी मला रंधा मारला तेच हात.

“चिठ्ठी मी नेली होती,” तो म्हणाला. “वाचून नेली. बुधवारीच. मॅरियन, त्याच दिवशी तुझ्या मागून मी अकरा फेऱ्या मारल्या.”

“आणि खिडक्या?” मॅरियननं विचारलं.

“त्या त्यापायीच.”

“एमेट, वस्तू तुझ्याकडं आहे,” ग्लोरिया म्हणाली. “मॅरियन, थांबायचं.”

“बाई गं, तू थांब,” मॅरियन म्हणाली.

आता माझं सांगून टाकतो. हल्ली मी कोठारात असतो, बर्फ ओढायच्या फावड्याशेजारी. फटके बंद झाले, निम्मी माणसं सोडून गेली. उरलेल्यांनी नवी नियमावली केली, तिच्यावरही आनंदानं सह्या केल्या. कुणाला माझी दया आलीच तर एवढंच करा, मला पुन्हा भिंतीवर लावू नका. स्टोव्हमध्ये घाला, मेपल छान जळतं. का म्हणतो ते ऐका, कारण त्या बैठकीत एमेटनंतर मी रोशींच्या हाती गेलो.

त्यांनी मला आडवं मांडीवर घेतलं. आवाज तोच, गोड.

“मॅरियन, त्या बुधवारी तू जशी बसली होतीस, तशी मी कुणालाच बसलेली पाहिली नाही. जागृतीच्या दारापर्यंत पोचली होतीस. मी ते मोडू दिलं नाही. मनापासून खरं सांग, उठून अल्बनीला गेली असतीस तर तुला तिथं काय मिळालं असतं?”

मॅरियननं मान वर करून सरळ त्यांच्या तोंडाकडं पाहिलं.

“आई.”