दोन जावा आणि एक खाजगी खिडकी

माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक झेरॉक्सचं मशीन. मशीन दिवसातून दोनदा कागद गिळतं आणि मी त्याला दोनदा शिव्या देते. लोकांचे अर्ज भरून द्यायचे, तिकिटं काढून द्यायची आणि ज्यांना स्वतःचं ऑनलाइन खातं उघडायची भीती वाटते त्यांची खाती सांभाळायची, हा माझा धंदा. लोक मला आपला पासवर्ड सांगतात आणि वर "कुणाला सांगू नकोस हं" असंही बजावतात. इतक्यांचे पासवर्ड पोटात ठेवून मला अजून अपचन कसं झालं नाही, याचंच नवल.

या खात्यांपैकी दोन खाती जावाजावांची होती. दोघी रजया शिवायच्या आणि एकाच वेबसाइटवर विकायच्या. दोघींचे नवरे गेलेले, मुलं परगावी, दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, आणि आठ वर्षं त्यांच्यात विस्तव जात नव्हता. कारण ऐकाल तर हसाल. धाकटीनं एक रजई शिवून घरी आलेल्या पाहुण्यांपुढे मांडली. थोरलीनं चष्मा लावला, एक शिवण पाहिली आणि कुणाला न विचारता तिथल्या तिथे उसवून पुन्हा शिवली. तीही हसत हसत. धाकटीनं त्याच संध्याकाळी थोरलीच्या घरात ठेवलेलं आपलं शिलाई मशीन उचलून भिंतीपलीकडे नेलं. त्यानंतर दोघी एकमेकींशी ब्र म्हणून काढत नव्हत्या.

थोरली माझ्याकडे आधी आली, चार वर्षांपूर्वी. "तिचं काम घेतलंस तर माझं सोडायचं," अशी तिची अट. मी मान हलवली. तीन महिन्यांनी धाकटी आली. खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली, "जाऊबाईंचं खातं तुझ्याकडे नाही ना? असेल तर मी अशीच परत जाते."

"छे हो ताई, कुठलं काय," मी म्हटलं. दुकान चालवणाऱ्या बाईला एवढं खोटं माफ असावं, अशी माझी तेव्हा समजूत होती. माझा दोन्ही डगरींवर हात होता आणि मला तो चांगला ऐसपैस वाटत होता.

अडचण एकच. वेबसाइट एक, कॉम्प्युटर एक. एकीचं खातं उघडलं की दुसरीचं बंद व्हायचं, आणि गिऱ्हाइकांचे निरोप दोघींना दिवसभर येत. त्यावर मी तोडगा काढला. थोरलीचं खातं ब्राउझरच्या साध्या खिडकीत आणि धाकटीचं खाजगी, म्हणजे इन्कॉग्निटो खिडकीत. ही खाजगी खिडकी रंगानं काळपट असते आणि बंद केली की आत कोण येऊन गेलं ते विसरते. पुन्हा उघडली की नाव आणि पासवर्ड नव्यानं घालायचा. तिचं कर्तृत्व एवढंच. पण तिच्यामुळे दोन खाती एकाच वेळी शेजारी शेजारी उघडी ठेवता येत.

धाकटीला मात्र ती खिडकी म्हणजे कडीकुलपातलं काहीतरी वाटायचं. ती काळी चौकट दिसली की तिचा आवाज आपोआप खाली यायचा.

"हळू बोल," ती मला दटावायची. "खाजगी आहे ना ते?"

"अहो ताई, ती खिडकी आहे. तिला कान नाहीत."

"तरीपण."

थोरलीच्या चपलांचा आवाज मला पायरीवरूनच ओळखू यायचा. तो आला की मी काळी खिडकी फटकन बंद करायचे. थोरली बसायची, आपले निरोप ऐकायची, उत्तरं सांगायची आणि शेवटी हमखास विचारायची, "तिचं कसं चाललंय, काही कानावर येतं का गं?"

"माझ्या कानावर कसं येणार, मावशी?"

"मला तरी कुठे ऐकायचंय," असं म्हणून ती आणखी पाच मिनिटं बसून राहायची.

या वर्षी दोघींचंही काम आटलं. धाकटीला दूरच्या शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात नोकरी चालून आली. राहायला खोलीसुद्धा मिळणार होती. होय की नाही ते शनिवारपर्यंत कळवायचं होतं. "तोवर मोठं काम आलं तर ठीक," ती मला म्हणाली. "नाहीतर घराला कुलूप. आता भिंतीशी किती वर्षं बोलायचं?"

ही बातमी थोरलीला दूधवाल्याकडून कळली. "जाते तर जाऊ दे," ती म्हणाली. "तिचं ते मशीन तरी थांबेल. दुपारी मेलं डोळ्याला डोळा लागू देत नाही." एवढं म्हणून ती जाईल असं मला वाटलं. पण ती चष्म्याचं घर उघडत-मिटत बसून राहिली, आणि माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं येऊन गेली तरी उठली नाही. मला तिचा राग आला आणि तिच्याबद्दल वाईटही वाटलं.

सोमवारी दोन्ही खात्यांवर एकच निरोप आला. एका विश्रामगृहाच्या व्यवस्थापक बाईंना चाळीस रजया हव्या होत्या, सहा आठवड्यांत, सगळ्या एकसारख्या शिवणीच्या. आधी कोपऱ्याचा जवळून काढलेला फोटो पाठवा, मग ठरवू, असं त्यांनी लिहिलं होतं. दोघी आपापल्या वेळी आल्या, आपापली रजई घेऊन. मी फोटो काढून ठेवले. "चाळीस म्हणजे एकटीच्या हाताबाहेरचं आहे," दोघी म्हणाल्या, "पण पाठव तर खरं."

मी पाठवायला बसले आणि पायरीवर चपला वाजल्या. थोरली. मी काळी खिडकी मिटली, ती येऊन पाणी पिऊन गेली, मी पुन्हा उघडली, पासवर्ड घातला आणि घाईघाईत दोन्हीकडे फोटो जोडून पाठवून दिले. खिडक्या मी दोन ठेवल्या होत्या, पण फोटो मात्र कॉम्प्युटरच्या एकाच फोल्डरमध्ये पडून होते, नावाऐवजी नुसते आकडे असलेले. अकलेचे दिवे मी ते असे पाजळले.

गुरुवारी उत्तरं आली. धाकटीच्या खात्यावर, "क्षमस्व, दुसरीकडे ठरवलं." थोरलीच्या खात्यावर, "अगदी हेच हवं आहे. चाळीस. शनिवारपर्यंत होकार कळवा." थोरली समोरच बसली होती. मी उत्साहानं तो निरोप फोटोसकट छापून तिच्या हातात दिला.

तिनं चष्मा लावला. कागद जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"ही माझी रजई नाही."

मी फोटो पाहिला. निळं-करडं कापड. धाकटीचं.

"हा कोपरा बघ," थोरली बोटानं दाखवत म्हणाली. "आतून तीन टाके, कापूस सरकू नये म्हणून. हे मी जन्मात एकाच बाईला शिकवलंय." मग तिनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तिचं खातंही तूच बघतेस?"

"हो, मावशी. दुसऱ्या खिडकीत."

आता ही प्रिंटर माझ्या डोक्यात घालते, असं वाटून मी खुर्ची मागे सरकवली. पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती कोपराच पाहत होती.

"उसवण्यासारखं काही नाही गं यात," ती म्हणाली. "एक टाकासुद्धा नाही."

मी धीर करून सांगितलं, "तुमचा फोटो तिच्या खात्यावरून गेला. तिला नकार आलाय."

"म्हणजे माझी रजई नापास, आणि तिची पास?"

"हो."

"बरं झालं," थोरली म्हणाली, आणि कागद हातात धरून इतक्या लगबगीनं गेली की पायरीवर तिची एक चप्पल निसटली.

शुक्रवारी सकाळी दोघी एकत्र आल्या. माझ्याकडे गिऱ्हाइकाला खुर्ची एकच, म्हणून दोघीही उभ्या राहिल्या. धाकटीचे डोळे सुजलेले होते आणि थोरलीनं घसा साफ करायचं निमित्त तीनदा काढलं. आधी त्या विश्रामगृहाला होकार लिहिला: वीस-वीस करणार, टाका एकच. मग धाकटी म्हणाली, "आता कारखान्याला नकार लिही."

मी काळ्या खिडकीत धाकटीचा ईमेल उघडला, या वेळी थोरलीच्या डोळ्यांदेखत.

"'क्षमस्व' लिही सुरुवातीला," धाकटीनं सांगितलं.

"क्षमा कशाची? 'जमणार नाही' लिही," थोरली म्हणाली.

"पत्र माझं आहे ना?"

"मग नीट लिही की."

'क्षमस्व, जमणार नाही' असं लिहून मी ते पाठवलं. माझी छाती अशी फुगली होती की विचारू नका. मी म्हटलं, "आता दोघींचं एकच खातं करू या. मी बघते सगळं."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"एकच करायचं हे ठरलंय," थोरली म्हणाली. "पण तुझ्याकडे नाही. ही बघेल घरी, फोनवर. शिकेल हळूहळू."

"राग मानू नकोस," धाकटी म्हणाली. "पण चार वर्षं तू दोघींच्या पोटातलं काढून घेतलंस आणि दोघींना 'कुठलं काय' म्हणालीस."

"अहो, पण मी नसते तर—"

"म्हणून तर सांगायला आलो," थोरली म्हणाली. "नाहीतर नुसतं यायचं बंद केलं असतं."

आठ वर्षांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं, ते मला काढून टाकण्यावर. दोघी पायरी उतरल्या. कापूस कुठून आणायचा यावरून त्यांचं रस्त्यातच जुंपलं आणि वळणावर दिसेनाशा होईपर्यंत मला त्यांचे आवाज ऐकू येत होते.

मला आनंद झाला, नाही असं नाही, पण तो दुपारनंतर. आधी वाईटच वाटलं. चार वर्षं त्या माझ्याशी इतकं बोलायच्या म्हणून मी स्वतःला त्यांची मैत्रीण समजत होते. त्यांना बोलायचं होतं ते भिंतीपलीकडे.