बेलाचा वास, कवठाचा वास

महाशिवरात्रीला सुमंगलाबाईंच्या घरी बेलफळाचं सरबत आणि कवठाची चटणी, दोन्ही व्हायचंच. देवासच्या त्यांच्या गल्लीत बाकीची घरं साबुदाण्यावर भागवत. कवठाशिवाय हा उपास त्यांना पटत नसे. यंदा हाटपिपल्याहून सुनेचे, अल्पनाचे, वडील शालिग्रामजी फराळाला येणार होते.

"तुमचं कवठ म्हणजे आमचं कबीट, शाळेबाहेरची चीज," अल्पना हसत म्हणाली. "नमक-मिर्च लावून खायची. उपासाला कोण खातं?"

"म्हणून तर सांगते. कवठ जमिनीवर टाकून बघ. उसळलं तर कच्चं, धप्प बसलं तर पिकलं. गर गुळात कालवायचा, जिरं-तिखट घालायचं. तोंडाला चव येते. बेलफळ पोटाला थंड, त्याचं सरबत करायचं. आणि वास लक्षात ठेव. पिकल्या कवठाला आंबूस वास असतोच. बेलाला तसा आला की ते गेलं, फेकून द्यायचं."

सांगितलं ते खरं होतं. पण दिवाळीतल्या तापापासून सुमंगलाबाईंना कसलाच वास येत नव्हता. कोणाला त्यांनी सांगितलं नव्हतं. दूध नासलं का, तूप कढलं का, हे या घरात त्यांच्या नाकावर ठरे. ते नाकच गेलं म्हटल्यावर स्वयंपाकघरात आपल्याला कोण विचारणार, ही धास्ती होती.

त्यांनी बत्त्याने बेलफळ फोडलं. गर पिवळाधमक दिसला. तो पाण्यात कुस्करताना अल्पना जवळ आली आणि थबकली.

"आई, याला थोडा..."

"चटणीच्या कवठाचा वास आहे तो, बाई. आत्ताच सांगितलं ना? लगेच विसरलीस?"

अल्पना मागे सरून पेले पुसू लागली.

शालिग्रामजी आले. पहिल्या घोटाला ते जरा थांबले, मग त्यांनी पेला रिकामा केला. "घणो बढ़िया, समधनजी," ते विहीणबाईंना म्हणाले.

सुमंगलाबाईंचा मुलगा मयुरेश मात्र घोट घेऊन मोरीकडे धावला. "आई, हे पार आंबलंय! फळ बघितलं नाहीस का?"

"अल्पनाने फोडलं," सुमंगलाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "मला वाटलं, तिने वास घेतला असेल."

अल्पनाने एकदा सासूकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली, "माझ्याकडून राहिलं."

शालिग्रामजी उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. "छोरी अभी कच्ची है, समधनजी. हमनेच सिखाया नहीं. निभा लेना."

सुमंगलाबाईंचे कान तापले. लेकीच्या सासरचा मान म्हणून या माणसाने आंबलेला पेला पोटात रिचवला होता, आणि आता त्यांच्याच खोटेपणापायी तो हात जोडून उभा होता.

"हात खाली करा," त्या कशाबशा म्हणाल्या. "फळ मी फोडलं. मला वासच येत नाही. दिवाळीपासून."

मयुरेशने पेला खाली ठेवला.

सुमंगलाबाई आत गेल्या. अल्पना मागोमाग आली.

"आई, मला माहीत होतं."

"काय?"

"नाकाचं. नासलेलं दूध मी गुपचूप बदलायची. वाटलं, तुम्ही स्वतः सांगाल."

"मग आज गप्प का बसलीस? मी तुझ्या नावावर ढकललं तरी?"

"पप्पांसमोर तुम्हाला खोटं पाडू?" अल्पना म्हणाली.

महिनोन् महिने ही पोर सुमंगलाबाईंची चूक झाकत होती आणि त्या तिला रोज वास ओळखायला शिकवत होत्या. त्यांनी दुसरं बेलफळ घेतलं, फोडलं आणि मान वर न करता त्याचा अर्धा भाग तिच्यापुढे धरला.

अल्पनाने वास घेतला. "चांगलं आहे."

सरबत झालं. पेला अल्पनाने नेला; शालिग्रामजींना तोंड दाखवायला सुमंगलाबाई बाहेर गेल्या नाहीत.