चादर न झटकणारे बाबा

जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका घरात या. सकाळ झाली आहे. तुम्ही अंथरुणात अर्धवट जागे आहात. शेजारच्या खोलीतून रोज एक आवाज येतो, फट्ट! तुमच्या बाबांचं केस कापण्याचं दुकान आहे. एक गिऱ्हाईक उठलं की त्याच्या गळ्याभोवतीचं कापड फट्टकन झटकायचं, मग दुसऱ्याला बसवायचं, अशी त्यांच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय. घरची चादरसुद्धा ते तशीच झटकतात. तो आवाज झाला की समजायचं, बाबा उठले, आता आपली खैर नाही.

आणि एके दिवशी तो आवाज येतच नाही. काय वाटेल तुम्हाला?

या घरातल्या मुलीला तर लगेच संशय आला. संशय घेण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून घरात तिला सगळे फौजदार म्हणत. ती दाराआडून डोकावली. बाबा चादर हळूच पसरत होते, एखादं झोपलेलं बाळ खाली असावं तशी. मग त्यांनी कोपरे दुमडले आणि गादीखाली नीट खोचले.

त्या दिवसापासून फौजदारांनी बाबांवर पाळत ठेवली. बाबा हात धुवायचे ते पार कोपरापर्यंत, आणि इतका वेळ की बाहेर आत्या दार बडवायची. "अरे दादा, हात धुतोयस की सालं काढतोयस?" त्यांच्या अंगाला नेहमी साबणाचा आणि पावडरीचा वास यायचा, आता औषधाचा यायला लागला. आई डुलकी घेत असली की ते घड्याळ हातात धरून तिच्याकडे टक लावून बघायचे.

"आत्या, बाबांचं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली.

"तुझे बाबा जन्मल्यापासून बिनसलेलेच आहेत," आत्या म्हणाली, पण हसली नाही.

आईला विचारलं, तर आई म्हणाली, "त्यांनाच विचार." आणि मान फिरवून भाजी निवडू लागली. निवडून झालेलीच भाजी. म्हणजे आईसुद्धा कटात सामील!

एके दिवशी शाळा लवकर सुटली, म्हणून ती दुकानावरून आली. ऐन दुपारी दुकान बंद. बाबा गल्लीच्या टोकाला झपाझप चालले होते. ती मागे लागली, एकेका खांबाआड लपत. बाबा थेट हॉस्पिटलात गेले, तेही मोठ्या दारानं नाही, बाजूच्या छोट्या दारानं. ती समोरच्या पायरीवर बसून राहिली. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले. चेहरा पडलेला. भिंतीला टेकून ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत उभे राहिले.

आता तुम्हीच सांगा, तुम्ही काय समजला असता? तीही तेच समजली. बाबांना काहीतरी मोठा आजार झालाय आणि सगळे तो आपल्यापासून लपवताहेत. रात्री ती ताटातला भात नुसता चिवडत बसली. बाबांनी विचारलं, "काय गं, गणितात पुन्हा दिवे लावलेस का?" ती ताट उचलून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पोटात दुखतंय असं सांगून ती शाळेतून लवकर घरी आली. आतल्या खोलीतून बाबांचा आवाज येत होता. अगदी मऊ आवाज, जो तिनं कधी ऐकला नव्हता.

"काकू, घाबरू नका. मी आहे ना. जरा या कुशीवर वळा बघू... हां, शाब्बास."

कोण काकू? तिनं दार ढकललं. पलंगावर कोणीच नव्हतं. होता तो बैठकीतला लोड. त्याला उशीचं डोकं लावलेलं होतं आणि अंगावर आईची शाल. बाबा त्या लोडाला प्रेमानं एका कुशीवर वळवत होते.

"बाबा!" ती ओरडली. "तुम्हाला काय झालंय? खरं सांगा!"

बाबा दचकले. लोड धपकन खाली पडला. "अरेरे, काकू गेल्या," त्यांच्या तोंडून निघून गेलं. पण लेकीचे डोळे भरलेले बघून ते मटकन पलंगावर बसले.

"मला काही झालेलं नाही गं. मी शिकतोय. रुग्णांची सेवा करायचं शिकतोय, म्हणून तर घड्याळ लावून आईचे श्वास मोजत बसतो. हॉस्पिटलात पुरुष असला की ब्रदर म्हणतात, तो व्हायचंय मला."

"आणि दुकान?"

"आपलं ते जुनं गिऱ्हाईक, काठीवाले आजोबा, अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांची दाढी करायला मी हॉस्पिटलात जायचो. दाढी झाली की ते गालावरून हात फिरवून हसायचे. तिथून दुकानात परतायला पाय निघेना बघ."

"मग लपवलंत कशाला?"

बाबांनी मान खाली घातली. "वर्गातली पोरं मला काका म्हणतात. आणि काल मी नापास झालो. रुग्ण पलंगावर असतानाच त्याच्याखालची चादर बदलायची असते. सगळं नीट केलं, आणि शेवटी नवी चादर घेतली ती... फट्ट! हातच ऐकत नाही. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, झटकली की धूळ आणि जंतू रुग्णाच्या नाकातोंडात जातात. घरी जमतं गं, तिथं कोणी बघत असलं की जमत नाही. उद्या पुन्हा परीक्षा आहे, शेवटची. नाही जमलं तर नाव काढून टाकतील. तुला गणितावरून रोज बोलतो मी, आता कोणत्या तोंडानं सांगू?"

पण फौजदार ते फौजदार. तिनं डोळे पुसले आणि त्यांच्याकडे रोखून बघितलं.

"खरं कशावरून? दाखवा करून. मी बघतेय."

बाबा उठले. लोडाच्या काकू पुन्हा पलंगावर चढल्या, कुशीवर वळल्या. बाबांनी धुतलेली चादर उचलली, लेकीकडे एकदा बघितलं, आणि त्यांचे हात आपोआप वर गेले.

फट्ट!

"बघितलंस?" बाबा पुटपुटले. "जाऊ दे. आपलं दुकानच बरं."

ती बाहेर गेली आणि बाबांच्या दुकानाच्या पिशवीतला पावडरीचा डबा घेऊन आली. चादरीची पुन्हा घडी घातली आणि घडीत डबा चांगला उपडा केला. मग लोडाला कोपऱ्यात ढकललं, स्वतः पलंगावर आडवी झाली, आईची शाल गळ्यापर्यंत ओढली आणि एक डोळा मिटला. दुसरा मात्र बाबांच्या हातांवर उघडाच ठेवला.

"आई गं," ती कण्हली. "ब्रदर, जरा चादर बदलता का? आणि हो, माझ्या नाकात पावडर गेली ना, तर मी मोठ्या सिस्टरना सांगेन."