नमुन्यातली तारीख

चाचणीच्या खोलीतला आमचा नियम कडक. नवी वेबसाइट वापरून बघायला आलेल्या माणसाला मदत करायची नाही. तो अडखळो, चुको, घामाघूम होवो, आत त्याच्याजवळ बसणाऱ्या आमच्या ताईनं एवढंच म्हणायचं, "मनात काय चाललंय ते मोठ्यानं बोला." मी काचेच्या अलीकडे बसून टिपणं घेतो, शेजारी साहेब. आतलं सगळं दिसतं, ऐकू येतं. दुसऱ्याची फजिती बघायचा पगार मिळतो आम्हाला, दुसरं काय.

त्या दिवशी हॉस्पिटलची नवी साइट होती. अजून सगळा देखावाच; कुठलंही बटण दाबा, ऑपरेशनची तारीख मिळायचीच. ताईनं हे सुरुवातीला सांगितलं होतं, पण पाठ केलेलं घडाघडा म्हणावं तसं. समोरच्या काकूंनी नुसती मान हलवली होती.

"समजा, घरात कुणाचं ऑपरेशन आहे," ताई म्हणाली.

"समजायचं कशाला? आमच्या ह्यांचंच आहे. हृदयाचं. जुन्या साइटवर रोज सकाळी बसते, तारीख काही मिळत नाही. डॉक्टर म्हणतात, आता थांबू नका."

काकूंनी नवऱ्याचं नाव घातलं, वय घातलं आणि कुठेही न अडता शेवटच्या पानावर पोचल्या. हिरवी खूण आली: येत्या गुरुवारी, सकाळी.

साहेबांनी मांडीवर थाप मारली. "याला म्हणतात सोपी साइट."

आत काकूंनी डोळे पुसले, मोबाईल काढला आणि घाईघाईनं काहीतरी लिहून पाठवलं. ताईचा चेहरा उतरला.

"काकू, ही खरी नाहीये. नमुना आहे नुसता. खरी सुरू व्हायला अजून वर्ष जाईल."

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. "तारीख तर आली की."

"ती सगळ्यांनाच येते."

तेवढ्यात मोबाईलवर उत्तर आलं. कुणी सांगितलं नव्हतं, तरी काकूंनी ते मोठ्यानं वाचलं. "बॅग भरायला घेतली. आज पोटभर जेवणार."

मग फोनच वाजायला लागला. काकूंनी तो ताईपुढे सरकवला.

"ह्यांचाच आहे. तुम्ही सांगा."

ताईनं आमच्या दिशेनं पाहिलं. तिकडून तिला काचेत फक्त स्वतःच दिसते.

"लिहून घे," साहेब म्हणाले. "नमुना असल्याची सूचना शेवटच्या पानावरही हवी. मोठ्या अक्षरात."

झक मारत लिहिलं. आत फोन वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला.