शर्ट बदलून

लातूर जिल्हा झाला, औशात व्हिडिओ सेंटर आलं. नळाला पाणी तेवढं आलं नाही. टँकरच्या रांगेत माझा धाकटा भाऊ रेवण आणि पलीकडच्या शाळेतला गफूर यांची जुंपली. रविवारी कोरड्या नदीत दोन्ही शाळांची पोरं भिडणार, असं ठरलं. रेवणनं सायकलची चेन काढून कमरेला गुंडाळली. बाळाला पाजता पाजता मी ते पाहिलं.

शनिवारी व्हिडिओवर जपानी पिक्चर लागला, तोही दोन शाळांच्या मारामारीचा. मी बाळाला घेऊन रेवणच्या मागोमाग गेले. समोरच गफूरची टोळी बसलेली.

मध्येच पडद्यावरच्या एका पोराकडं बोट करून गफूर ओरडला, "अबे, ये तो मघाशी उधर की टोली में था ना?"

"हाव की!" रेवण म्हणाला. "मार खाऊन पडला, अन् शर्ट बदलून इकडं आलाय!"

दोघंही पोट धरून हसले.

तरी रविवारी मी धावतच नदीवर गेले. गफूरनं रेवणला आडवं केलं होतं. मी किंचाळले. तेवढ्यात रेवण उठला, शर्ट काढून उलटा घातला आणि पळत गफूरच्याच टोळीत जाऊन उभा राहिला.

"अक्का, बाजूला सरक! पिक्चर चालू हाय!"

काठावर त्याची सायकल उभी होती. चेन जागेवर होती.