घंटा थांबल्यावर

घंटा वाजायला लागली आणि संसदेच्या लांब व्हरांड्यात एकच धांदल उडाली. मतदान पुकारलं गेलं होतं. कोणी उपाहारगृहातून घास गिळत पळत होतं, कोणी बुटात पाय अर्धाच घालून लंगडत येत होतं. एरवी मोटारीतून हात हलवणारी ही मंडळी अशी धापा टाकत आली की दरवानाची मोठी करमणूक व्हायची. आज मात्र त्याचं लक्ष ठिकाणावर नव्हतं.

त्याचं काम एवढंच. घंटा वाजतेय तोवर सभागृहाचं दार उघडं ठेवायचं. ती थांबली की दार आतून लोटायचं आणि अडसर घालायचा. मग बाहेर कोणी का राहीना. एकदा त्याने खुद्द अर्थमंत्र्यांच्या तोंडावर दार लावलं होतं. "तुझी नोकरी घालवतो," म्हणून ते बाहेरून ओरडत राहिले. त्याच मतदानात सरकार गडगडलं आणि नोकरी गेली ती त्यांची. ही हकिकत चहावर इतक्यांदा रंगली होती की नवे सदस्यसुद्धा त्याला घड्याळकाका म्हणत.

ज्या म्हाताऱ्याने त्याला हे काम शिकवलं, त्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दार लावताना कोणाचं तोंड बघू नकोस. तोंड दिसलं की हात जड होतो. खाली उंबरठ्याकडे बघायचं." तेव्हापासून तो उंबरठ्याकडेच बघत आला. माणसं तो बुटांवरून ओळखायचा.

या संसदेची मुदत म्हणजे नुसता जिवाला घोर होता. पंतप्रधान आले नि गेले, नोटांवरची शून्यं वाढत गेली, पावासाठी पहाटे रांगा लागल्या. बाहेरच्या चौकात मोर्चे निघत आणि पोलिसांच्या गाड्या भरून जात. आज शेवटची बैठक होती, आणि जाता जाता तोट्यातले सरकारी कारखाने बंद करायचं विधेयक मताला टाकलं होतं. त्यात काचेचा कारखानाही होता. दरवानाची मुलगी तिथे बाटल्या उजेडात धरून तडे शोधायची. तिचा नवरा परदेशी कामाला गेला तो तिकडचाच झाला. आता ती आणि तिची पोरं बापाकडे राहत होती. बाप निवृत्तीला टेकलेला, पगार महागाईने खाऊन टाकलेला. घर चालत होतं ते तिच्या नोकरीवर.

सकाळी त्याचा डबा भरताना ती म्हणाली होती, "बाबा, मास्तर आहेत आपल्या बाजूने. कारखान्याच्या गेटवर येऊन शब्द दिलाय त्यांनी. समसमान मतं पडली तरी विधेयक पडतं म्हणे. तेवढं झालं तरी आपण वाचलो."

मास्तर म्हणजे कारखान्याच्या भागातले म्हातारे सदस्य. पूर्वी शाळेत शिकवायचे. आता काठी टेकत चालायचे. सगळे आत शिरले, पण मास्तरांचे ते झिजलेले तपकिरी बूट काही आले नाहीत.

घंटा थांबली.

त्याने दाराला हात घातला. तेवढ्यात व्हरांड्याच्या टोकाला काठी वाजली आणि उभ्या आयुष्यात न केलेली गोष्ट त्याच्या हातून घडली. त्याने मान वर केली. मास्तर भिंतीला धरून येत होते, तोंड उघडं, चेहरा पांढराफटक. दरवानाला मात्र तिथे आपली मुलगी दिसत होती.

"या मास्तर, या. सावकाश," तो हलकेच म्हणाला.

मास्तर आत आले. "उपकार झाले, बाबा," म्हणून त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. दार लागलं. सगळ्यांचे डोळे सभापतींकडे होते, कोणाच्याच लक्षात आलं नाही.

विधेयकाच्या बाजूचे सदस्य उभे राहिले. मास्तरही काठीवर भार टाकून उठले. दरवानाला वाटलं, म्हातारा गोंधळला. कोणीतरी सांगा रे त्याला, बस म्हणावं. पण मास्तर मोजणी होईपर्यंत खाली मान घालून उभेच राहिले.

विधेयक एका मताने मंजूर झालं. दार वेळेवर लागलं असतं तर मतं समसमान पडली असती.

बाहेर पडताना त्याने मास्तरांना गाठलं. "मास्तर, तुम्ही कारखान्यातल्या पोरींना शब्द दिला होता."

"दिला होता." मास्तरांना वर बघवेना. "माझा मुलगा मोर्चात धरला गेलाय रे. आज सोडतायत त्याला."

दरवान तडक मुख्य दरवानाच्या खोलीत गेला. "साहेब, दार मी उशिरा लावलं. ते मत बाद करायला सांगा. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

मुख्य दरवानाने त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. "अरे, सभागृह मघाशीच विसर्जित झालं. आता ना सदस्य, ना सभापती. दाद मागणार कोणाकडे? तू बोललास तर तुझी पेन्शन जाईल, ते मत नाही जायचं. घरी जा."

घरी मुलीने रेडिओवर ऐकलं होतं. डोळे पुसून तिने त्याचं ताट वाढलं.

"एका मताने गेलं, बाबा. तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुम्ही बिचारे दाराशी उभे, तुम्ही काय करणार होतात?"

हे वाक्य गिळून तो गुपचूप जेवू शकला असता. कोणाला काही कळलं नसतं.

"दार मी वेळेवर लावलं नाही," तो म्हणाला. "घंटा थांबली होती. मास्तर यायचे होते, म्हणून मी थांबलो. त्यांनीच विधेयकाच्या बाजूने मत दिलं."

तिचा हात भांड्यातच राहिला. आता ती काहीतरी तोडून बोलेल म्हणून तो मान खाली घालून बसला. बोलली असती तर त्याला बरंच वाटलं असतं.

"तुम्ही थांबलात?" ती म्हणाली. "शाळेत असताना मला वेणी घालायला उशीर झाला, तर तुम्ही मला टाकून निघून जायचात. माझ्यासाठी थांबलात, बाबा?"

त्याने मान डोलावली. ती हसायला गेली आणि तिला रडू कोसळलं. असं रडणाऱ्या पोरीला काय म्हणायचं असतं ते त्याला कधीच जमलं नव्हतं. त्याने उठून तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ताट निवून गेलं तरी तो तसाच उभा राहिला.